दोन चंद्र्या

फोन आला तेव्हा मी म्हशीसाठी पेंड भिजवत होतो. डॉक्टर मॅडमचा धाकटा भाऊ बोलत होता. "ताई गेली. सकाळी, झोपेतच..." मी नुसतं 'हो' म्हणालो आणि पुन्हा पेंड कालवत बसलो. त्याला आता पाच आठवडे झाले. मॅडमच्या हुशारीवर चार ओळी लिहून मोकळं होता आलं असतं. पण मला लिहायचंय ते दुसरंच आहे, आणि ते मी नऊ वर्षं टाळलं आहे.

मी हिंगोली जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, मॅडम शास्त्रज्ञ. आमच्या लाल कंधारी गाईंमधल्या काही घराण्यांना ब्रुसेला सहजी लागत नाही, असा त्यांना संशय होता. ब्रुसेला म्हणजे गाईला गाभ टाकायला लावणारा रोग. माणसालाही होतो आणि ताप महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही. प्रत्येक गाईच्या रक्ताच्या दोन नळ्या, एक रोग तपासायला, एक आनुवंशिकता तपासायला. रक्त त्या काढायच्या, नळीवर मी लिहायचो. कानातला बिल्ला वाचून तिथल्या तिथे नंबर घालायचा, हा त्यांचा दंडक. त्यावरून मी किती बोलणी खाल्ली असतील! मला तो फाजीलपणा वाटायचा. तीस वर्षं गोठे तुडवलेल्या माणसाला गाय ओळखायला बिल्ला कशाला लागतो?

कळमनुरीच्या पुढे एका गावात विठ्ठलराव आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचे शेजारी शेजारी गोठे. वाटणीत चंद्री नावाची गाय विठ्ठलरावांकडे राहिली, तिची कालवड धाकट्याकडे गेली. घराला लाभलेल्या गाईचं नाव तिच्या लेकीला चालवायची त्या घरात रीत, म्हणून तीही चंद्रीच. त्या दिवशी ऊन मरणाचं होतं, बिल्ल्यांवर शेण वाळलेलं. मी नळ्यांवर नुसतं 'चंद्री' लिहिलं आणि नंबर संध्याकाळी ऑफिसात आठवून घातले. ते उलटे पडले.

रोग निघाला धाकट्याच्या चंद्रीला. बिचाऱ्याने तिला गावाबाहेर बांधलं, दूध ओतून दिलं. खरी आजारी गाय विठ्ठलरावांच्या गोठ्यात निवांत रवंथ करत होती.

दोन महिन्यांनी आनुवंशिकतेचा अहवाल आला. धाकट्याची चंद्री गावच्या वळूची लेक, आणि त्या वळूचं रक्तही आम्ही घेतलं होतं. पण वळूची खूण सापडली ती तिच्या आईच्या नावाच्या नळीत. मॅडमचा फोन आला, "गणपतराव, नळ्या बदलल्यात. आत्ता निघायचं." जीपमध्ये त्या अहवालातले नंबर पुन्हा पुन्हा ताडून बघत होत्या. मला फक्त माझी नोकरी दिसत होती. लाज वाटते, पण तसंच होतं.

पोचलो तर विठ्ठलरावांच्या चंद्रीने आदल्याच दिवशी गाभ टाकला होता. तो उचलला होता त्यांच्या सुनेने, उघड्या हातांनी. तिला पाचवा महिना होता... अंगणात माणसं जमली. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. नळ्यांवर नंबर मी घातले." मी बर्फाची पेटी खांद्याला लावून शेजारी उभा होतो. गप्प.

सुनेला त्यांनी स्वतः नांदेडला नेलं. पहिली तपासणी चांगली आली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तीन आठवड्यांनी तिला ताप भरला आणि दुसरी वाईट आली. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. लेकरू आठव्या महिन्यात आलं आणि जगलं. मॅडमचं काम मात्र बुडालं. त्या गावाने, मग आजूबाजूच्या गावांनी, गाईंना सुई लावू दिली नाही. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

गेल्या सोमवारी मी विठ्ठलरावांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"मंग तवा काहून न्हाई बोललास?"

"भ्यालो," मी म्हणालो. "नोकरी जाईल म्हणून."

"आमी बाईला पुन्यांदा उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई," ते म्हणाले. "दोनदा आली व्हती. दोन्ही बारीला हाकलून दिली. म्हनलं, आली फिरून रगत मागाया."

सूनबाई चहा घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली. अंगणाबाहेर निंबाखाली एक बसका दगड आहे, तिकडे तिने मान वळवली.

"त्या धोंड्यावर बसून व्हत्या, दोन्ही बारीला," ती म्हणाली. "मामंजी रानात गेले की मला हाक मारायच्या. रगत कधीच न्हाई मागितलं. माजा ताप उतरला का, तेवढंच इचारायच्या."