आंदणातला फ्रीज

आमच्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी छातीठोक सांगतो. शाळा मी चौथीतच सोडली, पण माणसं लई बघितलीत. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील, राहतात कळंबला. लोकांचे व्याही आले की मान मागतात. लोड लागतो, पंखा लागतो, पानात दोन भाज्या लागतात. आमचे व्याही आमच्या येरमाळ्याला एस्टीतून उतरले की उंबऱ्यात चपला सोडतात अन् कुणाकडं न बघता थेट फ्रीजपाशी जातात. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्याच्या अंगावर तळवा ठेवतात, डोळे मिटतात अन् म्हणतात, "आज जरा जास्तच तापलाय." त्यानंतर लेकीची आठवण. "तू बरी हाईस ना गं?"

हा फ्रीज त्यांनीच लग्नात आंदण दिलेला. मी तो बैठकीत दारासमोर ठेवला. आंदणाची वस्तू आतल्या खोलीत कोंबायला ती काय चोरीची आहे? रस्त्यानं जाणाऱ्याला दिसली पाहिजे. व्याह्यांना हे काही पटलं नाही. आमच्याकडं व्याही एकमेकांना इवाई म्हणतात. ते म्हणाले, "इवाई, दुपारचं ऊन सरळ त्याच्या अंगावर येतंय. त्यानं दूध गार करायचं का सोताला?" मी म्हणालो, "दाराला पडदा लावतो. फ्रीज हलणार न्हाय." पडदा लागला, फ्रीज तिथंच राहिला. मी एकदा बोललो की बोललो. पुढच्या खेपेला त्यांनी मला न विचारता तो भिंतीपासून वीतभर पुढं ओढला. "ह्याच्या पाठीतनं गरमी निघती. भिंतीला टेकवलाव तर ती जाईल कुठं?" मी म्हणालो, "मधल्या फटीत पाली शिरतील." ते म्हणाले, "शिरू द्या. चटका बसला की आपुआप निघतील." त्याच्या पुढच्या खेपेला पुढच्या दोन पायांखाली शहाबादी फरशीच्या कपच्या सारल्या, कारण दार आपलं आपण मिटलं पाहिजे. मग दिवसभर दार अर्धं उघडायचं, सोडायचं अन् ते मिटताना बघून खूश व्हायचं. लहान लेकरू पहिल्यांदा चालतं तेव्हा आजोबा असेच बघत बसतात.

दाराच्या रबराचं तर विचारू नका. भिंतीवरच्या कॅलेंडराचं पान फाडून ते दारात धरायचे, दार लावायचे अन् पान ओढून बघायचे. अडकलं तर रबर चांगलं, सुळकन आलं तर ढिलं. त्या पानावर माझी एकादशी होती. ती माझी चुकली, अन् पाप कुणाला लागलं ते देवाला माहीत. मग कोमट पाण्यात साबण करून, लेकराचे कान पुसावेत तसं ते रबराची घडी न् घडी पुसायचे. एकदा फ्रीजच्या खाली पाणी साचायला लागलं. आमची मंडळी सुनेवर घसरली, "भांडी निथळल्याबिगर आत ठिवतीस." व्याही आले, भाजीचा ट्रे काढला, मागच्या बाजूला बोट फिरवून एक बारकं भोक शोधलं अन् केरसुणीची काडी हळूच आत घातली. आतून मेथीचं एक कुजकं पान निघालं. ते चिमटीत धरून त्यांनी घरभर फिरवलं. "ह्यो बघा चोर! पाणी जायची वाट अडवून बसलाय, अन् बोलणी खाती माझी पोर."

बर्फाला ठेच्याचा वास आला तरी त्यांना कळंबहून यावं लागायचं. ठेच्याला झाकण नव्हतं, एवढंच त्यातलं कारण. सोनारीला एका पाहुण्यांकडं जावळाला गेलो होतो. पंगत बसली, पण व्याही दिसेनात. बघतो तर त्यांचं डोकं त्या घरच्या फ्रीजमध्ये. घरची बाई बिचारी लाजून म्हणाली, "पाव्हणं, लई भूक लागली का? वाढतोच की." व्याही आतूनच बोलले, "भूक न्हाय हो. तुमच्या बर्फाच्या कप्प्याचं झाकण मोडलंय, म्हणून हितं बर्फाचा डोंगर झालाय. पर सुरीनं खरवडू नका. बर्फाला लोखंड दावायचं न्हाय. बटन बंद करायचं अन् वितळंस्तवर गप बसायचं." हे वाक्य त्यांनी जिल्ह्यात जिथं जिथं फ्रीज आहे तिथं तिथं सांगितलं असंल.

एकदा मला राग आला. मुलीचा बाप आमच्या घरात गुडघे टेकून फडकं मारतोय, लोक मला काय म्हणतील? मी म्हणालो, "मिस्त्री काय मेलेत का? तुमी बसा की वर." त्यांनी फडकं पिळलं अन् हळू बोलले, "इवाई, म्होरं जीपमधी पोरगी अन् मागं टेम्पोत फ्रीज, असं एकाच दिशी दोघं तुमच्या दारात उतरले. ह्याला कुणी नावं ठिवली तर ती तिलाच लागत्यात. ह्यो चालतोय तवर माझी मान वर हाय." मी पडदा नीट केला अन् बाहेर जाऊन बसलो.

यंदा देवीच्या चैत्री यात्रेला घर पाहुण्यांनी भरलं. यात्रेच्या रिवाजाप्रमाणं रानात चुन्याचे खडे वेचून, उन्हानं भाजून जो तो यायचा अन् फ्रीज उघडायचा. दार मिटायला उसंत नाही. वरच्या कप्प्यात कापसाच्या गठड्यासारखा बर्फ फुगला, बर्फाचा ट्रे त्यात रुतून बसला अन् खालच्या बाटल्या मात्र कोमट. सकाळच्या गाडीनं व्याही आले. बटन बंद केलं, दार उघडं ठेवलं, खाली परात लावली. "दुपारपर्यंत कुणी बोलायचं न्हाय," म्हणाले, अन् परातीत पडणारं थेंब थेंब पाणी बघत बसले. तेवढ्यात माझी थोरली बहीण, अक्का, देवळातून घामानं निथळत आली. सुनेनं तिला माठातलं पाणी दिलं. अक्कानं तांब्या हातात धरला अन् सगळ्यांदेखत म्हणाली, "दारात एवढं मोठं आंदण मांडलंय, अन् पाणी माठातलंच व्हय? म्या तवाच म्हनलं हुतं, निसता दिखाव्याचा माल हाय. एक वस्तू धड दिली न्हाय बापानं." हे बोलताना ती फ्रीजकडं बघत नव्हती, सुनेकडं बघत होती. सून मान खाली घालून आत गेली.

व्याही उठले. स्वयंपाकघरातून उलथनं आणलं. मला वाटलं, फक्त हातात धरलं असंल. त्यांनी ते बर्फात घातलं. मी ओरडलो, "इवाई, लोखंड!" त्यांच्या कानात अक्काचं बोलणंच घुमत असावं. दोन घाव घातले, बर्फाचं ढेकूळ निघालं, अन् सायकलची ट्यूब फुटावी तसा फुस्स आवाज आला. लांबलचक. त्यांनी उलथनं टाकलं अन् त्या जागेवर अंगठा दाबला. अंगठ्यानं काय राहतंय? आतला गॅस म्हणजे फ्रीजचा जीवच, तो सगळा निघून गेला. तरी ते अंगठा काढीनात.

"घ्या!" अक्का म्हणाली. "देणाऱ्यानंच मारला."

अक्काला मी जन्मात उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "अक्का, फ्रीज कुणाचा?"

"कुणाचा म्हंजी? सुनंच्या बापाचा."

"न्हाय. माझ्या घरात हाय, माझ्या लाईटीवर चालतोय, अन् माझ्याच पाव्हण्यांनी उघडून उघडून त्याची ही गत केली. फ्रीज आमचा हाय. सून आमची हाय. आमच्या घरातलं काय बिघडलं तर आमी बघू. तू पाणी पी."

अक्का पाणी प्याली. सगळा तांब्या प्याली. व्याह्यांचा अंगठा मी धरून बाजूला केला. बर्फानं तो पांढरा पडला होता.

यात्रा उलगून पाहुणे पांगल्यावर मिस्त्री आला, भोक बुजवलं, गॅस भरला, फ्रीज चालू झाला. व्याही मात्र येईनात. अन् आले ते असे आले की मी ओळखलंच नाही. खुर्चीवर बसले, चहा घेतला, सोयाबीनचं विचारलं. फ्रीजकडं मान वळवली नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. मला वाटलं, माणूस लाजेनं मोडला. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "इवाई, त्या दिवसाचं मनातनं काढा. हातून व्हतंय. लाज कसली त्यात?"

ते हसले. "लाज त्या दिशीच वाटली, अन् त्याच दिशी गेली बी. तुमी चारचौघांत म्हणालाव, फ्रीज आमचा, सून आमची. तवापासनं मला निवांत झोप लागती. आता तुमचा फ्रीज, तुमी बघा."

चहा संपवून ते उठले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला अन् वेळेवर कळंबची गाडी धरली. मी वेशीपर्यंत घालवायला गेलो. परत आलो तर बैठक नीटनेटकी, पसारा नाही, कुठं काही उघडं नाही. पोरगी आमची झाली, फ्रीज आमचा झाला. व्याही तेवढे पाहुणे झाले.