आइस्क्रीम सोड्याचा जाणकार

निवृत्त झाल्यावर माणसाला मत देण्यापलीकडे फारसं काम उरत नाही आणि मी ते काम मन लावून करतो. सोसायटीच्या नव्या रंगाबद्दल, कोपरखैरण्यातल्या रिक्षावाल्यांबद्दल, समोरच्या घरातून येणाऱ्या फोडणीच्या वासाबद्दल माझं मत कायम तयार असतं. त्यातही वास आणि चव हा माझा खास प्रांत. वाशीच्या घाऊक बाजारात मसाल्याच्या गाळ्यावर मी एकतीस वर्षं काढली, म्हणून या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. खरं सांगायचं तर गाळ्यावर मी पावत्या फाडायचो. वेलदोडा चांगला की वाईट हे शेठ ठरवायचे. पण हे घरी कधी कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेलो नाही.

मुलगी ऐरोलीला एका कंपनीत होती. काचेच्या इमारतीत बसून परक्या देशांतल्या लोकांच्या तक्रारी निस्तरायची. गेल्या वर्षी एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "बस झालं." मग आमच्या मागच्या खोलीत डबे, चाळण्या आणि एक छोटा वजनकाटा आला. आसामची काळी पत्ती आणायची, तिच्यात निरनिराळे स्वाद मिसळायचे आणि पाकिटं करून विकायची असा तिचा बेत होता. वर्षभरात जमलं नाही तर पुन्हा नोकरी, हेही तिचं तिनेच ठरवलं होतं. त्या खोलीत कधी गुलाबाचा वास यायचा, कधी भाजलेल्या खोबऱ्याचा. बायको म्हणायची, घराचं मिठाईचं दुकान झालंय, पण मुलीला चाळण्या धुवून द्यायची तीच.

आइस्क्रीम सोड्याची कल्पना माझी. म्हणजे माझ्या बडबडीची. लग्नात, वाढदिवसाला, कुठेही कोल्ड्रिंकचा ग्लास हातात आला की मी सुरू व्हायचो. "याला काय चव आहे? आमच्या गावच्या बाजारात आइस्क्रीम सोडा मिळायचा. गोटीची बाटली. असा फस्सकन आवाज! तसं पेय पुन्हा होणे नाही." मुलगी हे पाळण्यात असल्यापासून ऐकत आली आहे. चार महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "बाबा, तुमचा सोडा मी चहात आणते. जेवणानंतर गोड खाल्ल्यासारखा वाटेल असा चहा. व्हॅनिला, लिंबाची साल, थोडा करपवलेल्या साखरेचा वास. चव तेवढी तुम्ही सांगायची." मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हणालो.

पहिलं पाकीट तिने ओट्यावर ठेवलं आणि ती वाशीला गेली. मला कुठला धीर! पातेल्यात पाणी, साखर, ठेचलेलं आलं, वर तिची पत्ती, चांगली दोन उकळ्या, मग दूध. आमच्याकडे चहा असाच होतो. कोरा चहा दूध नासल्यावर नाहीतर पोट बिघडल्यावर. लिंबाच्या सालीने आपलं काम चोख केलं आणि पातेल्यात पनीर तयार झालं. मुलगी परत आली तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "लिंबू जरा जास्त झालंय गं."

तिने पातेल्यात डोकावलं. "बाबा, दूध घातलंत?"

"मग चहात काय घालतात?"

"आणि आलं?"

"आल्याशिवाय चहा कसा होईल?"

तिने पातेलं घासायला टाकून नीट कोरा चहा केला, घड्याळ लावून, न उकळता, आणि कप माझ्यापुढे ठेवला. शेजारी वही उघडून पेन घेऊन बसली.

मी डोळे मिटले. घोट घेतला. चहा गरम होता, वासाला छान होता, मागून जरा आंबट लागत होता. तो आइस्क्रीम सोड्यासारखा होता का, याचा मला पत्ता नव्हता. पण समोर वही उघडी होती. मी म्हणालो, "जवळ आलीस. पण व्हॅनिला जरा मागे राहतोय." तिने ते लिहून घेतलं. आयुष्यात माझं बोलणं पहिल्यांदाच कोणीतरी लिहून घेत होतं, त्यामुळे मला चेवच चढला. चार महिन्यांत तिने एकूण अकरा मिश्रणं केली आणि पहिल्या दहांत मी काहीतरी खोट काढली. कधी गोडवा उशिरा येतो म्हणालो, कधी शेवट कोरडा म्हणालो. 'शेवट कोरडा' म्हणजे काय ते मलाही ठाऊक नाही. शेठ बडीशेपेबद्दल असं काहीतरी म्हणायचे.

सातव्या वेळी ती जरा थकलेली दिसली. म्हणाली, "मला तिसरा आवडला होता."

"तुला आवडण्याचा प्रश्न नाही," मी म्हणालो. "प्रश्न अस्सल चवीचा आहे."

तिने मान हलवली आणि तिसऱ्या मिश्रणाच्या पानावर काट मारली. बायको भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, तुमच्या घरी चहात साखर पडायची ती सणासुदीला. सोडा कधी प्यायलात तुम्ही?" त्याच क्षणी मला खालच्या वॉचमनशी काहीतरी महत्त्वाचं बोलायचं असल्याचं आठवलं.

बायकोचा प्रश्न रास्त होता. आमच्या साताऱ्याकडच्या घरात सोडा पाहुण्यांसाठी यायचा. मामा आले, चुलत्यांची सोयरीक घेऊन कोणी आलं की मला पिटाळायचे. दोन बाटल्या आणायच्या, पाहुण्यांपुढे ठेवायच्या, आणि रिकाम्या झाल्या की दुकानात परत करायच्या. पोरांनी सोडा प्यायची पद्धतच नव्हती, घसा धरतो म्हणायचे. मी बाटल्या परत न्यायला निघालो की मारुतीच्या देवळामागे थांबायचो आणि एकेक बाटली तोंडात उपडी धरायचो. बुडाशी जो काही राहिला असेल तो घोट. कोमट, गोडमिट्ट, त्यातला वायू केव्हाच उडून गेलेला, वर पाहुण्याच्या तोंडच्या तंबाखूचा वास. आइस्क्रीम सोड्याचं माझं सगळं ज्ञान एवढंच. पुढे कमावता झालो, पाहिजे तेव्हा बाटली घेऊ शकलो असतो. पण तोवर मी त्याचं वर्णन इतक्या लोकांना करून बसलो होतो की प्रत्यक्ष पिऊन बघणं मला धोक्याचं वाटायला लागलं.

अकराव्या मिश्रणाला मी कंटाळून "हाच!" म्हणालो. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पाकिटावर छापून घेतलं, 'बाबांच्या आठवणीतला आइस्क्रीम सोडा'. सीवूड्समधल्या एका कॅफेच्या मालकिणीने शनिवारी चव बघायला बोलावलं होतं. त्याच आठवड्यात ऐरोलीच्या कंपनीने परत येतेस का म्हणून विचारलं, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मुलगी म्हणाली, "तिने चहा कॅफेत ठेवला तर मी हेच करणार. नाही ठेवला तर सोमवारी हो कळवते. बाबा, तुम्ही सोबत चला. चव तुमची आहे."

मी इस्त्रीचा शर्ट घातला. रिक्षात ती पाकिटाचा कोपरा सरळ करत राहिली.

मालकीण पस्तिशीची, बोलायला मोकळी. तिने स्वतः चहा केला, तीन कप भरले, दोन घोट घेतले. "टेस्ट भारी आहे," ती म्हणाली. "पण मी काय कधी आइस्क्रीम सोडा प्यायले नाही. काका, खरं सांगा हं, असाच लागायचा? कस्टमर विचारणार, मला ठामपणे सांगता आलं पाहिजे."

फक्त हो म्हणायचं होतं. चार महिने मी याहून मोठ्या थापा याहून लहान कारणांसाठी मारल्या होत्या. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात माझं लक्ष मुलीकडे गेलं. तिने सवयीने वही उघडली होती आणि मी काय म्हणतो ते लिहून घ्यायला पेन टेकवलं होतं. मला एकदम इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या तापल्या.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी कधी अख्खी बाटली प्यायलोच नाही. पाहुण्यांनी टाकलेला तळाचा घोट प्यायचो. बाकी सगळं मी आपलं ठोकून दिलं."

मुलीचं पेन तसंच राहिलं. मालकीण आधी हसली, मग मुलीचा चेहरा बघून थांबली. तिने कप उचलून आणखी एक घोट घेतला. "चहा मी ठेवते," ती मुलीला म्हणाली. "महिनाभर बघू. पण ते बाबांच्या आठवणीतलं वगैरे पाकिटावरून काढ." चहा पास झाला होता. नापास फक्त मी झालो होतो, आणि तेही छापील.

बाहेर पडल्यावर मुलगी माझ्यापुढे चार पावलं चालत होती. जवळच्या मॉलमध्ये शिरली, खाण्याच्या ठेल्यांपाशी थांबली. तिथे हल्ली गोटी सोडा मिळतो, जुन्या काळाची हौस म्हणून. एक आइस्क्रीम सोडा घेतला आणि टेबलावर माझ्यापुढे आपटला.

"प्या," ती म्हणाली. "अख्खी."

प्यायलो. पहिल्याच घोटाला वायू नाकात चढला, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, मग उचकी सुरू झाली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. पन्नास वर्षं ज्याचे गोडवे गायले ते हे, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. अर्धी बाटली रेटली आणि हात टेकले.

"कसा आहे?" तिने विचारलं. राग अजून होताच.

"तुझा चहा याच्यापेक्षा चांगला आहे," मी उचक्यांमधून म्हणालो. दोन्ही पदार्थ खरोखर पोटात गेल्यावर दिलेलं चार महिन्यांतलं हे माझं पहिलं मत होतं.

"खरं?" ती म्हणाली.

हा प्रश्न तिने मला आधी कधी विचारला नव्हता. अकरा कप झाले, पण एकदाही नाही. बाबा म्हणतात म्हणजे तसंच असणार, एवढं तिला पुरायचं. आता ती माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती, दुकानदार वजनात मारतोय का हे गिऱ्हाईक बघतं तसं. मला वाईट वाटलं, फार वाटलं.

"माझं ऐकू नकोस," मी म्हणालो. "तू पिऊन बघ."

तिने बाटली घेतली, सावकाश दोन घोट घेतले, जीभ टाळूला लावली. मग वही काढली, काट मारलेलं तिसरं पान शोधलं आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात काहीतरी लिहिलं. मी काय ते विचारलं नाही. नंतर फोन घेऊन तिने ऐरोलीच्या कंपनीला नकार लिहायला घेतला. आजवर नोकरीची पत्रं, राजीनामा, घरमालकाला पाठवायचा निरोप, सगळं ती आधी मला वाचून दाखवायची आणि मी एकेक शब्द बदलायला लावायचो.

हे तिने लिहिलं, स्वतःशीच एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.