बिब्ब्याचा डाग

मतदानाच्या आदल्या दिवशी माझ्या टाचा फुटल्या. इथे उत्तरेत अमीनाबादेतला पन्सारी, म्हणजे काष्ठौषधीवाला, बिब्ब्याला भिलावा म्हणतो, एवढाच फरक, वस्तू तीच. बिब्बा दिव्यावर तापवला आणि सुटलेलं तेल भेगांत भरलं. मी डावखुरी, त्यामुळे डाव्या हाताची तर्जनी काळी झाली. हा डाग धुतल्यानं जात नाही. कातडी निघते तेव्हाच जातो.

सकाळी सुनेबरोबर चिनहटच्या शाळेत मत द्यायला गेले. यादीत नाव सापडलं. शाई लावणाऱ्या मुलीनं माझं बोट धरलं आणि ती थांबली. मागे बसलेला एका पक्षाचा माणूस लगेच ओरडला, "अरे, अम्मा तो डालकर आई हैं! दुबारा आ गईं!"

"भिलावा है," मी म्हटलं.

"वाह! स्याही छुपाने का नया नुस्खा!"

केंद्राचे मोठे अधिकारी उठून आले. "माताजी, दो बार वोट डालना जुर्म है. पुलिस को सौंपना पड़ेगा. एक साल तक की जेल, जुर्माना, या दोनों."

आवाज अगदी शांत. त्यानंच मला जास्त घाम फुटला. रांग अडली होती. दारातल्या पोलिसाच्या काठीवरून माझी नजर हटेना.

सून कानाशी लागली, "आई, चला ना घरी. एक मत नाही दिलं तर काय बिघडतं? ह्यांची बँकेतली नोकरी आहे."

"आत्ता गेले तर चोर ठरेन," मी म्हटलं.

मी चप्पल काढली आणि पाय उचलून बाकावर ठेवला. टाचेवर तोच काळा डाग. "एड़ी पर भी स्याही लगाते हैं क्या? हाथ लगाकर देखिए, फफोला आएगा."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. अधिकाऱ्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. बोट पाहिलं, टाच पाहिली, मग रजिस्टर पाहिलं. माझी सही त्यात कुठेच नव्हती.

"बीच वाली उँगली पर लगा दो," ते मुलीला म्हणाले.

बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी दिसली, खाली पडली, तरी मी तिथंच उभी. नीट दाबलं ना, हे पुन्हा पाहता येत नाही.

बाहेर पडताना तो पक्षाचा माणूस अर्धवट उठला. "अम्मा, बुरा मत मानिएगा."

"मानूँगी," मी म्हटलं.