पॅनेलआत्या

आमच्या अक्षरजुळणीच्या ऑफिसात माझ्या आत्याला सगळे पॅनेलआत्या म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण तिला ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. नवं मशीन आलं की बाकीचे त्यावर आधी काय काय चालतं ते बघतात. आत्या आधी त्याचं कंट्रोल पॅनेल उघडते. भाड्याची खोली बघायला गेलेली बाई भिंतींचे रंग सोडून आधी नळ सोडून बघते, तसं.

ती बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहिली आणि मी कळती झाल्यावर मलाही तिनंच या ऑफिसात चिकटवलं. मी प्रूफं वाचते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचे पैसे मिळतात. घरचे म्हणतात, न मिळते तरी काढल्याच असत्यास.

आत्याचं आणि पॅनेलचं नातं जुनं आहे. ती कामाला लागली तेव्हा पडदा काळा असायचा आणि पॅनेल वगैरे काही नव्हतंच. मशीनचा एखादा गुण बदलायचा तर एका फाइलीत ओळ लिहायची, मशीन बंद करायचं, देवाचं नाव घेऊन परत चालू करायचं. ओळीत एक ठिपका चुकला तरी मशीन उठायचंच नाही. पुढे रंगीत पडदे आले आणि त्याबरोबर कंट्रोल पॅनेल आलं: एका खिडकीत छोटी छोटी चित्रं. घड्याळाचं चित्र म्हणजे वेळ, उंदराचं म्हणजे माऊस, अक्षराचं म्हणजे टंक. आत्या म्हणते, तो काळ सोन्याचा. मांडणीवर डबे ओळीनं आणि प्रत्येकाला चिठ्ठी.

पण डबे एका जागी राहिले तर कंपन्यांना झोप कशी लागणार? नव्या आवृत्तीत चित्रांचे गट पाडले. त्यापुढच्या आवृत्तीत गटांची नावं बदलली. मग ‘सेटिंग्ज’ नावाचं नवं कोरं पान आलं, मोठी अक्षरं, भरपूर मोकळी जागा, आणि हवं ते काहीच नाही. खूप आत शिरत गेलं की शेवटी जुनंच पॅनेल उघडायचं. “नव्या सुनेनं ओटा चकचकीत केला,” आत्या म्हणायची, “आणि हळद अजून सासूच्याच फडताळात.” तरी ती दर वेळी सगळं शोधून काढायची. प्रत्येकाला त्याच्या हाताचं मशीन मिळालं पाहिजे, हा तिचा हट्ट. आमच्यातला एक ऑपरेटर डावखुरा आहे. त्याच्या माऊसची बटणं उलटी करून देणं हे प्रत्येक नव्या मशीनवर आत्याचं पहिलं काम.

त्या जुन्या पॅनेलात एक चित्र होतं, चाकाच्या खुर्चीचं. अपंगांच्या सोयी त्यात असायच्या. सगळी चित्रं पालथी घालणारी आत्या ते मात्र उघडत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “त्यात आपलं काय काम?”

दोन वर्षांपूर्वी तिच्या बोटांना कंप सुटला. आधी डाव्या हाताच्या, मग उजव्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हा आजार बरा होणार नाही, फक्त हळू चालवता येईल, असं सरळ सांगितलं. घरात कपबशी खुळखुळायला लागली. ऑफिसात तर कहरच झाला. कळ एकदा दाबायची तर बोट तिच्यावर तीनदा आपटायचं, शेजारच्या कळीला धक्का लागायचा तो वेगळाच. तेव्हा आत्यानं गुपचूप ते खुर्चीचं चित्र उघडलं. आत एक सोय होती: कळ क्षणभर दाबून धरली तरच अक्षर उमटेल, नुसता धक्का मशीन मोजणारच नाही. आत्यानं ती चालू केली, दर कळीला वाजणारा तिचा टिकटिक आवाज बंद केला, आणि कंप मशीनच्या पोटात गेला. तिचा वेग उतरला, पण चूक एक नाही. वयानं हात जड झाले असतील, एवढंच लोक म्हणाले.

तिनं लपवलं यात मी तिला कधी दोष दिला नाही. आमच्या मालकांनी एका जुन्या प्रूफवाचकाला, नजर अधू झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात, “आता घरी आराम करा” म्हणून निरोप दिला होता. तो माणूस आराम करून करून सहा महिन्यांत वाळला. आत्याला पैशाची भीती नव्हती. तिला घरी बसवलं जाण्याची भीती होती. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” ती म्हणायची, आणि खरोखरच मुठी मिटून मांडीवर ठेवायची. ऑफिसातला चहाही तिनं सोडला. पित्त होतं, असं सांगून टाकलं. चहाची ती एवढी शौकीन, आणि दुपारी सगळ्यांचे कप फिरले की ही खिडकीबाहेर बघत बसायची. मला ते बघवत नसे.

मग नवी मशीनं आली. मालकांनी सगळ्यांवर एकच खातं उघडून दिलं: एक नाव, एक पासवर्ड, कटकट नको. संध्याकाळी सगळे निघाल्यावर आत्या थोडी मागे राहिली. डावखुऱ्याचा माऊस उलटा केला. मग स्वतःच्या मशीनवर बसली. खुर्चीचं चित्र आता नव्हतं. हात पसरून उभ्या असलेल्या एका माणसाचं होतं. “बघ, उभा केला त्याला,” ती मला म्हणाली. तिनं आपली सोय शोधली, चालू केली, आणि आम्ही घरी आलो. जेवताना ती खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडचं एक जाडजूड पुस्तक छापायला जायचं होतं. औषधांच्या मात्रांचं पुस्तक, डॉक्टरांनी उशाशी ठेवायचं. शेवटच्या दुरुस्त्या तेवढ्या राहिल्या होत्या. सकाळी ऑपरेटरांनी भराभर त्या घातल्या, पानं माझ्याकडे आली. पहिल्याच पानावर माझा हात थांबला. एका औषधाची मात्रा पन्नास हवी, तिथं पाच होती. पुढच्या पानावर शंभराचे दहा झाले होते. शब्दांतली अक्षरंही गळली होती, पण अक्षर गळलं तर वाचणारा हसतो. शून्य गळलं तर माणूस मरतो. मी पानं घेऊन उठले तोवर आत आरडाओरडा सुरू झालाच होता.

“की-बोर्डच चालत नाही! अर्धी अक्षरं खातो!”

“आणि माऊस उलटा झालाय. इकडचं बटण दाबलं की तिकडचं लागतंय!”

मालक केबिनमधून आले. एकेका मशीनवर वाकून बघितलं. एकूण एक मशीन तसंच. कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्यानं पलीकडून ऐकलं आणि म्हणाला, व्हायरस दिसतोय, कोणी बाहेरून काहीतरी आणून लावलंय. तासाभरात येतो, सगळी मशीनं पुसून नव्यानं भरावी लागतील, आठवडाभराच्या दुरुस्त्या गेल्या तर गेल्या.

“उलटा माऊस कोणाला लागतो?” मालकांनी फोन ठेवून विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली.

सगळ्यांनी डावखुऱ्याकडे बघितलं. तो गाण्यांचा शौकीन, पेनड्राइव्ह सतत खिशात. तो उभा राहिला.

“साहेब, मी आज अजून मशीनला काहीच लावलेलं नाही. आईशप्पथ.”

“मग माऊस आपला आपण डावरा झाला? आणि कळाही आपोआप मेल्या? बाहेर काढा तो पेनड्राइव्ह.”

मी आत्याकडे बघितलं. त्या अख्ख्या खोलीत तिच्या एकटीच्याच पानांवर एकही अक्षर गळलं नव्हतं, आणि ती हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होती. मी तिच्यामागे जाऊन वाकले.

“आत्या, हे तुझंच ना?”

“मी फक्त माझ्या मशीनवर केलं होतं गं,” ती ओठ न हलवता म्हणाली. “आणि माऊस फक्त त्याच्या. सेटिंग मशीनची असते. आजवर मशीनचीच होती.”

“मग आता गुपचूप बंद कर. जसं पसरलं तसं सगळीकडचं बंद होईल.”

“आणि मग मी काय टाइप करू?”

खरं सांगते, त्या वेळी मला डावखुऱ्याची अजिबात दया आली नाही. तो तरुण आहे, दुसरीकडे काम मिळेल, असाच हिशेब माझ्या डोक्यात चालला होता. आत्याला दुसरीकडे कोण घेणार? मी तिचा खांदा दाबला, म्हणजे गप्प बस. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती अशीच. फाशी देणाऱ्याला राग असतो आणि बघणाऱ्याला आपलं माणूस असतं.

पलीकडे मालक बोलतच होते. “त्या मात्रा तशाच छापल्या गेल्या असत्या तर? कोणाच्या जिवावर उठला होतात कळतंय का? पिशवी उचला आणि निघा.”

डावखुऱ्यानं पिशवी उचलली. त्याचा हात कापत होता. मला वाटतं आत्याला तेच सोसलं नाही, दुसऱ्या कुणाचा हात असा कापताना बघणं. माझा हात खांद्यावरून झटकून ती उठली.

“थांब रे,” ती त्याला म्हणाली. मग मालकांकडे वळली. “माऊस मी उलटा केला, त्याच्यासाठी. आणि कळांचं आहे ते माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठी म्हणजे?”

आत्यानं मुठी उघडून हात पुढे धरले. दोन्ही. इतके दिवस मिटलेले ते हात सगळ्यांसमोर थरथरत राहिले. मला रडू आलं, आणि रागही आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही.

मालकांनी हातांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. “आधी पुस्तक गेलं पाहिजे,” ते म्हणाले. “आपण संध्याकाळी बोलू.” आणि केबिनमध्ये गेले.

कॉम्प्युटरवाला आला तेव्हा व्हायरस नव्हताच हे सगळ्यांना कळलं होतं, त्याला पुसायला काही उरलं नव्हतं. त्यानं सांगितलं, हल्ली सेटिंग मशीनची नसते, खात्याची असते. माणूस ज्या मशीनवर जाईल तिथं ती मागोमाग जाते. तुम्ही सगळ्यांनी एकच खातं घेतलंत, म्हणजे मशीनच्या लेखी तुम्ही सगळे मिळून एकच माणूस. आत्यानं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. “जन्मभर डबे शोधले,” ती मला म्हणाली, “आणि मांडणीच घरातून उठून फिरायला लागली ते कळलंच नाही.” त्यानं प्रत्येकाला वेगळं खातं करून दिलं. आत्याच्या नव्या खात्यात सगळं मूळपदावर आलं होतं, तिची सोय बंद. डावखुरा आपणहून तिच्याशेजारी येऊन बसला. “आत्या, मला फक्त कुठं जायचं ते सांगा,” म्हणाला, आणि डाव्या हातानं त्यानं तो हात पसरलेला माणूस शोधून तिची सोय चालू करून दिली.

दिवसभर आम्ही काम केलं. मात्रांची सगळी पानं आत्यानं मागून घेतली. तिचं अक्षर सावकाश उमटत होतं, मी प्रत्येक शून्यावर बोट ठेवून वाचत होते, आणि मनात एकच चाललं होतं: गरज सरो, वैद्य मरो. पुस्तक गेलं की आत्याची गरज सरेल. संध्याकाळी पुस्तक गेलं, आणि मालकांनी आत्याला आत बोलावलं.

केबिनला काच आहे. आवाज येत नाही, दिसतं सगळं. आत्या खुर्चीच्या कडेला बसली होती, मुठी मांडीवर. मालक बोलत होते, खाली बघून, पेन फिरवत. त्या प्रूफवाचकाशी ते असेच बोलले होते. तेवढ्यात आत चहा गेला. चहावाला पोरगा नवा, त्याला आत्याचं पित्त काय माहीत; त्यानं तिच्यासमोरही कपबशी ठेवली, मालकांच्या टेबलावर पसरलेल्या कागदांजवळ. आत्या कपाकडे बघत राहिली. मी काचेमागून मनात म्हणत होते, नको घेऊस, आता तरी नको.

तिनं कप उचलला. तो बशीवर खुळखुळला असणार, कारण मालकांचं बोलणं थांबलं. चहा हिंदकळून कागदांवर सांडला. आत्यानं कप खाली ठेवला नाही. दोन्ही हातांनी धरून तो तोंडाशी नेला आणि डोळे मिटून एक मोठा घोट घेतला.

मालकांनी भिजलेले कागद बाजूला ओढले, रुमालानं टेबल पुसलं. मग खालच्या खणातून पुढच्या पुस्तकाचं बाड काढलं, पुसलेली जागा सुकली का ते तळव्यानं चाचपून बघितलं, आणि बाड तिच्यासमोर ठेवलं.

घरी जाताना मी विचारलं, “काय म्हणाले गं?”

“म्हणाले, वेळ लागला तर लागू दे, पण आकड्यांची पानं यापुढे तुमच्याकडेच.” बाड तिच्या पिशवीत होतं आणि पिशवी ती मला धरू देत नव्हती. थोडं चालल्यावर म्हणाली, “इतका पाणचट चहा पिता होय तुम्ही रोज? आणि मी मेली दोन वर्षं त्याच्यासाठी झुरत होते.”