मावशींच्या घरातला करंट

मावशी कशालाही हात लावायच्या आधी हाताची उलटी बाजू टेकवून बघायच्या. दाराची कडी, बादली, नळ. एका उन्हाळ्यात लोखंडी कुलरचा शॉक बसल्यापासूनची ही सवय. "इथं कुणाचा भरोसा न्हाई," म्हणायच्या.

मस्तगडला मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहायचे, शाळेत शिकवायचे. मावशींचा संशय माणसांवरही तेवढाच. दूधवाल्याला आधी त्याच्याच चरवीतलं दूध प्यायला लावायच्या. तुम्हालाही अशी एखादी मावशी आठवेल.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्यांच्याकडे सून आली, घनसावंगीकडची. गुणी पोरगी. अंगावर नायलॉनच्या नव्याकोऱ्या साड्या. एका कोरड्या सकाळी तिने चहाचा स्टीलचा पेला पुढे केला आणि चट् आवाज होऊन मावशींच्या बोटाला झटका बसला. मग पुन्हा. मग पुन्हा.

मावशी माझ्याकडे आल्या, दार लावून घेतलं.

"बाई, पोरीच्या अंगात करंट हाय. रविवारी तिच्या बापाला बोलावलंय. घेऊन जाऊ द्या माघारी."

इकडे सून पेला जमिनीवर ठेवून लांबूनच सरकवायला लागली होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

मी प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासला आणि कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे टुणकन चिकटले. "आता तुम्ही करा," म्हटलं. मावशींनी चांगलं खसाखसा घासलं. एकही कपटा हलेना.

"बघा, तुमच्यातबी हाय. माझ्यात न्हाई."

मी कंगवा परत घेतला. मग त्यांच्या चपचपीत तेल लावलेल्या केसांकडे लक्ष गेलं. "मावशी, डोकं धुऊन, वाळवून या."

"तुम्ही सांगता म्हणून धुऊ का मी?" म्हणत त्या निघून गेल्या.

शनिवारी दुपारी आल्या. पांढरे केस मोकळे, भुरभुरीत. कंगवा स्वतःचा, कागदही घरून आणलेला. घासला, धरला, कपटे उडाले. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. केसच कंगव्यामागे उठायला लागले.

"म्हंजी माझ्यातबी हाय?"

"सगळ्यांच्यातच असतं. हवा कोरडी असली, नायलॉन अंगाला घासलं, की चटका बसतो."

"मंग इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं न्हाई?" त्यांनी माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

रविवारी सुनेचे वडील आले. टोपी हातात घेऊन कोपऱ्यात बसले. मलाही बोलावणं होतं.

"काय चुकलं पोरीचं, ताई?"

मावशींनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, "तिचं न्हाई, तुमचं चुकलं. शेतात कापूस पिकवता आन् पोरीला नायलॉन नेसवून धाडता? झटके बसून राह्यलेत आम्हाला."

आत सुनेच्या हातून काहीतरी पडलं. ती चहा घेऊन आली, मावशींपुढे पेला ठेवायला वाकली.

"खाली नगं. हातात दे."

चट् झालं. दोघी दचकल्या. मावशींनी पेला सोडला नाही.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्या दिसतात जीपमधून उतरताना. बाळंतपणाला गेलेल्या सुनेला आणायला त्या स्वतः गेल्या होत्या. नात छातीशी घट्ट धरलेली. मी हौसेने हात पुढे केले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, वळल्या, आणि बाळ सुनेच्या हातात दिलं.