नावेच्या मोरीचा बोळा

आमच्या नावेला मोरी होती. हे सांगितलं की आजही माणसं हसतात. हसोत बापडी. ती मोरी कुठं बसवावी, केवढी ठेवावी यावर आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या घरधन्यांनी, जेवढं डोकं खाजवलं, तेवढं माझ्या बापानं माझं लग्न ठरवतानाही खाजवलं नसेल.

भीमेच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. आमचं गाव अलीकडच्या काठावर. मोठा बाजार, दवाखाना, आगगाडी सगळं पलीकडं. पूल नव्हता, आमची नाव होती. नुसती होडी नव्हे. बैलगाडी उभी राहील असा वर फळ्यांचा सपाट तक्ता ठोकलेला आणि भोवती वीतभर उंच कठडा. बैल शेण टाकायचे, मुतायचे, लाटा उसळून आत यायच्या, वरून पाऊस. ते सगळं पाणी कठड्यामुळं तक्त्यावरच साचायचं आणि नाव ज्या अंगाला कलेल तिकडं धावायचं. पाणी धावलं की बैल बिथरतात, आणि भर पाण्यात बैल बिथरले की नावाड्यानं देवाचं नाव घ्यावं.

मालकांनी आधी कठड्याला आठ लहान भोकं पाडून पाहिली. चार दिवसांत ती शेणानं लिंपून गेली. मग भोकांत पत्र्याच्या नळ्या बसवल्या. त्या गंजल्या आणि आसपासचं लाकूड कुजवून बसल्या. शेवटी सुताराला बोलावून सगळी भोकं खुंट्या ठोकून बुजवली, तक्त्याला मागच्या टोकाकडं जरासा उतार दिला आणि तिथं कठड्यात मधोमध एकच, हात जाईल एवढी मोरी कापली. बाहेरून चामड्याची झडप लावली. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं, नदीचं पाणी तिला दाबून बंद करायचं. रोज संध्याकाळी बाभळीच्या काडीनं मोरी खरवडायची आणि झडपेला एरंडेल चोळायचं, हे काम माझ्याकडं. माझ्या केसांना इतकं तेल कधी मिळालं नाही.

पण गावाला कोण समजावणार? नावेला भोक, आणि तेही आपल्या हातानं पाडलेलं! जो त्याच्याजवळ बसायचा तो ते बुजवायचाच. कुणी गवत कोंबायचा, कुणी धोतराची चिंधी. एका मास्तरांनी वर्तमानपत्राची सुरळी घातली. माहेरी निघालेल्या एका बाईनं तर शिदोरीतली भाकरी कुस्करून लिंपली.

"आप्पा, ती पाण्याला भाईर जायची वाट हाय," मी ओरडायची.

"व्हय, पर पाण्याला काय कळतंय, आत यायचं का भाईर जायचं?" गवत कोंबता कोंबता गावातले म्हातारे आप्पा शांतपणे विचारायचे.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ते हेच. नावेत नको इतकी माणसं चढतील, वर गुळाच्या ढेपा चढवतील, त्याचं काही नाही. मोरीचा मात्र धसका. दर फेरीला बोळा काढायचा, दर फेरीला तोंड वाजवायचं आणि पुढच्या फेरीला पुन्हा नवा बोळा. मी हात टेकले होते.

सगळ्यात मोठा धसका आमच्या घरातच होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी याच नदीत, जुन्या नावेची फळी फुटून गेले होते. तेव्हापासून आत्याबाईंनी नावेत पाय ठेवला नव्हता.

"तुझ्या बापाला एका भोकानं न्हेलं, आन् तू हातानं पाडतूस?" त्या मालकांना म्हणायच्या. मालक खाली मान घालून झडपेचे खिळे तपासत राहायचे. आईला ते कधी उलटून बोलले नाहीत.

नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, त्या सालच्या भादव्यात आत्याबाईंच्या पोटात कळ उठली. ओवा झाला, शेक झाला, अंगारा झाला. पोट दगडासारखं घट्ट होत गेलं. दौंडला डॉक्टरकडं न्यायलाच हवं होतं, आणि नदी दुथडी भरलेली. आम्ही काठावर जाऊन पाणी बघायचो आणि घरी येऊन आत्याबाईंचं तोंड बघायचो. दुसरं काय करणार?

एका दुपारी पाणी जरा उतरलं. मालक म्हणाले, "आत्ताच न्हेऊ. सांजच्याला परत चढंल."

मालक आणि धाकटे दीर पुढं वल्ह्यांवर, म्हणून आत्याबाईंचं अंथरूण मागं, मोरीपाशी घातलं. मी त्यांच्यावर गोणपाट धरून बसले. पाऊस होताच. त्यांनी डोळे गच्च मिटले होते, म्हणून मला बरंच वाटलं. निम्मी नदी कापली असेल, तेव्हा पाणी माझ्या घोट्याला लागलं.

"अगं, पाणी का जात न्हाई? मोरी बघ!" मालक पुढून ओरडले.

मी चाचपलं. वाकळेचं टोक मोरीत ठासून भरलेलं, भिजून फुगलेलं, आणि ते दोन्ही मुठींनी दाबून धरलेल्या आत्याबाई.

"सोडा आत्याबाई, सोडा!"

"न्हाई सोडायची. माझी लेकरं बुडत्याल."

सकाळपासून ज्या बाईला पाण्याचा पेलासुद्धा धरवत नव्हता, तिच्या हातात ते बळ कुठून आलं कोण जाणे. मी एक बोट सोडवावं तर दुसरं घट्ट व्हायचं. सासूचा हात, तोही दुखणाईत. पिरगळायचा तरी किती? तोवर पाणी एका अंगाला धावलं, नाव कलली, तोंड फिरलं आणि धारेनं आम्हाला ओढत खाली नेऊन आमच्याच काठाच्या बाभळींत फेकलं. दोघे भाऊ अंधार पडेपर्यंत नाव उपसत होते. नदी पुन्हा चढली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर, दुपारी आम्ही पलीकडं पोचलो. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि विचारलं, "कालच का नाही आणलं?"

"नदीला पाणी व्हतं," मालक म्हणाले.

संध्याकाळी आत्याबाईंना जरा शुद्ध आली. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बघ, मी धरून बसले म्हणून काल तरलो. तुमी माझं ऐकतच न्हाई."

मला रडू फुटत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही कुणापुढं काढायची सोय नव्हती. मी म्हटलं, "व्हय, आत्याबाई." त्यांना बरं वाटलं. पहाटे त्या गेल्या.

माती गावातच द्यायची होती. नावेत त्यांना मागंच ठेवलं. झिमझिम चालू होती. नाव सोडायच्या आधी मालक मागं आले, गुडघ्यांवर बसले. त्यांनी त्याच वाकळेचं टोक हातात घेतलं, नीट बोळा केला आणि मोरीत घट्ट कोंबला. धाकटे दीर बघत राहिले. मीही बघत राहिले.

"तिला भ्या वाटतंय," मालक म्हणाले आणि पुढं जाऊन त्यांनी वल्हं धरलं.

मी डबा घेतला आणि आमचा काठ येईपर्यंत पाणी उपसत बसले.