न पडलेल्या पाकळ्या

गळ्यातली गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. मला कुणी निरखून बघितलेलं आवडत नाही. ओढणी वर घेतली की काम भागायचं. देवावर माझा तसाही फारसा विश्वास नव्हता. तपासणीत कॅन्सरचा संशय आल्यावर होता तोही गेला.

ठाण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या तीन वाटा सांगितल्या. खालच्या ओठाच्या आतून दुर्बीण घालून, म्हणजे बाहेर व्रण नाही. काखेतून, म्हणजे व्रण झाकलेला. नाहीतर मानेवरच लहानसा छेद. "गाठ आवाजाच्या नसेला लागून आहे. मी मानेवरून सुचवेन, तिथून नस नीट दिसते," ते म्हणाले. आईने ऐकलं नाही. "लग्नाची मुलगी आहे. गळ्यावर टाका नको. उरलेल्या दोनातलं देवी सांगेल." मलाही तेच हवं होतं.

आईचं माहेर अंबाडीजवळ. तिथल्या गावदेवीला कौल लावतात. गुरवकाकांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "पोरीचं ऑपरेशन तोंडातून करायचं तर उजवी दे, काखेतून तर डावी दे." रांगेतल्या सगळ्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे बघत राहिले. पाकळी पडेना. त्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही तशाच.

गुरवकाका आईकडे वळले, "देवी बोलत नाय. काय इचारायचं राहिलंय का?"

आईने माझी ओढणी आणखी वर ओढली. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "मानेवरून न्हाय करत का? माझं तर तसंच केलं." तिने पदर सरकवला. गळ्याच्या घडीत एक फिकट रेघ होती, दाखवली म्हणून दिसली. "माझ्या घरवाल्याला इचार, व्रण कुठे हाय ते त्याला आजपण सांगता न्हाय येणार."

रांगेत हसू पसरलं. आईला मात्र रडू आलं. मग तीच गुरवकाकांना म्हणाली, "मानेवरून करू का, विचारा."

उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. वर पंखा फिरत होता, हेही मी पाहिलं. बाहेर आलो तेव्हा ती बाई वाड्याच्या एसटीत चढत होती.

ऑपरेशन लांबलं. गाठीने एका बाजूच्या नसेला विळखा घातला होता, ती कापावी लागली, दुसरी वाचली. दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर मध्येच थांबून मान उघडावीच लागली असती, असं डॉक्टर म्हणाले. गाठ कॅन्सरचीच निघाली. उपचार चालू आहेत. आवाजाची कुजबूज तेवढी उरली आहे. काही दिवस मी देवीवर रागावले होते.

नारपोलीत आमच्या घराला यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा खडखडाट लागूनच आहे. बाबा लूमच्या कारखान्यात कारकून. तिथे सगळे ओठांवरून बोलणं ओळखतात. ऑपरेशननंतर मी घरी आले त्या दिवशी त्यांनी माझ्या ओठांकडे बघूनच पाणी आणून दिलं. आई आता त्यांच्याकडून शिकते, आणि चुकते. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी तोंड फिरवत नाही.

परवा गावदेवीला गेलो, ओढणी न घेता. आरतीत माझे फक्त ओठ हलले. आम्ही तिला आमच्या सोयीचं तेवढंच विचारलं होतं, आणि राहिलेलं विचारेपर्यंत ती थांबली. तेवढ्यासाठी मी तिची ऋणी आहे.

गुरवकाका पाकळ्या भिजवत म्हणाले, "काय इचारू, पोरी?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी त्या ओल्या पाकळ्या माझ्या ओंजळीत ठेवल्या.